‘मेळ्यात घेऊ’ : ग्वाल्हेरची सूट आणि घरखर्च

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत दिवाळी उरकली की दोन शब्द वारंवार ऐकू यायचे. नवी रजई हवी? मेळ्यात घेऊ. कपबश्यांतल्या दोनच बश्या उरल्यात? मेळ्यात घेऊ. लोणच्याच्या बरणीला चीर गेली, ताईचा स्वेटर आखूड झाला, रेडिओ खरखर करतो, सगळ्याचं उत्तर तेच. ते नकार देणं नसे आणि होकार देणंही नसे. दोन-अडीच महिने घरातला पैसा घरात धरून ठेवणारं ते एक फाटक होतं. मी आयुष्याची तीसेक वर्षं पाण्याच्या पाइपलाइनी आणि व्हॉल्व्ह यांच्यात काढली, म्हणून मला फाटकाचीच उपमा सुचते.

(बोलताना आपण इथे ‘मेळा’ न म्हणता हिंदीसारखं ‘मेला’च म्हणतो. त्यामुळे ‘काल मेल्यात गेलो होतो’ हे ऐकून पुण्याहून आलेला पाहुणा दर वर्षी एकदा तरी दचकतो. या लेखात मी ‘मेळा’ लिहितो आहे, ते केवळ बाहेरच्या वाचकांच्या सोयीसाठी.)

मेळ्यावरचे लेख आपण सगळ्यांनी वाचलेत. ते बहुतेक एकाच साच्याचे असतात. 1905 साली माधवराव महाराज शिंदे (1876–1925) यांनी पशुमेळा म्हणून सुरुवात केली. आज रेसकोर्स रस्त्यावर 104 एकरांचं मैदान आहे. 1984 मध्ये त्याला राज्यस्तरीय व्यापार मेळ्याचा दर्जा मिळाला. मग झुले, दंगल, मुशायरा, कडाक्याच्या थंडीत खायची सॉफ्टी, आणि शेवटी ‘सूट’. सूट नेहमी शेवटच्या ओळीत येते आणि ‘भरघोस’ या विशेषणासह येते. ती कुठून आली, कोणाच्या खिशातून आली, आणि घरच्या हिशेबात तिचं वजन किती होतं, हे कोणी विचारत नाही. यंत्रात घातल्यापेक्षा जास्त बाहेर येतंय असं दिसलं तर इंजिनियर आधी वाकून खालची बाजू बघतो. तसंच इथे करू.

कौल, म्हणजे जुनी सूट

सूट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुकानदार येतो. पण आपल्याकडची मोठी सूट पिढ्यान् पिढ्या दुकानदाराने दिलेली नाही, राज्याने दिलेली आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची असली की सरकारातून कौल निघे. वाणी, उदमी, कारागीर यांनी येऊन वस्ती करावी. अमुक वर्षं जकात माफ, अमुक वर्षं मोहतर्फा माफ, पुढे रीतीप्रमाणे द्यावं, असा त्याचा आशय. पेठ वसवण्याची खटपट करणाऱ्या शेटे-महाजनांना वतन मिळे. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला तर सारा पायरी-पायरीने चढवत नेत, त्याला इस्तावा म्हणत. पहिल्या वर्षी थोडा, मग जास्त, मग पुरा. सवलत कायमची नसून ठरावीक मुदतीची, आणि मुदत आधीच सांगितलेली, हे यातलं मर्म आहे. मोटर एकदम पूर्ण भारावर सुरू करत नाहीत, तीच अक्कल.

या कौलात राजाचं नुकसान वाटतं तेवढं नसे. पेठच नसती तर जकातही नसती. ओसाड माळावरची जकात माफ केली तर काय गेलं? जे आलंच नसतं ते सोडून दिलं, आणि सात-आठ वर्षांनी भरलेली बाजारपेठ हाती आली. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण पुढे आजच्या सवलतींनाही तोच लावून बघायचा आहे.

आपलं लष्कर तर छावणीतूनच उभं राहिलं. दौलतरावांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो उठलाच नाही. त्याच्या आधीच्या वर्षी, 1809 मध्ये, टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. त्याची पत्रं 1813 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्यांत छावणीसोबत चालणाऱ्या बाजाराचं वर्णन आहे. फौज हलली की बाजारही हलणार. अशा बाजारातला वाणी उद्या दुसऱ्या सरदाराच्या तळावर जाऊ शकतो, त्याला धरून ठेवायचं तर त्याच्यावरच्या कराला सुमार हवा. लष्करचे सराफा, दौलतगंज, दाल बाजार, टोपी बाजार नुसत्या तलवारीच्या बळावर वसले नाहीत.

कराच्या आठवणी गावाच्या नकाशावर अजून आहेत. चार शहर का नाका, नाका चंद्रवदनी ही नावं आपण टेम्पोवाल्याला रोज सांगतो. नाका म्हणजे माल अडवून पैसे घेण्याची जागा. संस्थानी अमलात बाहेरून येणाऱ्या मालावर सायर होती. 1948 मध्ये मध्य भारत झालं आणि संस्थानाची सीमा पुसली गेली, पण गावात शिरणाऱ्या मालावरची चुंगी 1976 पर्यंत चालू राहिली. मध्य प्रदेशाने ती काढून प्रवेशकर आणला तेव्हा नाक्यावरचे दांडे गेले, नावं राहिली.

गुरांपासून टीव्हीपर्यंत

1905 चा मेळा घरखर्चासाठी नव्हता. तो बैलासाठी, गाईसाठी, घोड्यासाठी होता. खरीप घरात आलेला, रब्बी शेतात उभी, हातात थोडा पैसा आणि थोडी सवड असा हा काळ. शेतकऱ्याने चांगलं जनावर एका ठिकाणी पारखून घ्यावं आणि संस्थानातल्या पशुधनाची जात सुधारावी हा हेतू. माधवराव महाराज हिशेबी गृहस्थ होते. रेल्वेचा त्यांना नाद होता आणि नादाचा उपयोग करून घेण्याची बुद्धीही. दोन फुटी रूळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंड आणि शिवपुरीपर्यंत गेली होती, 1909 पर्यंत श्योपूरला पोहोचली. ताटापुढून वाढपाची चांदीची आगगाडी फिरवणारा राजा म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण मेळ्याच्या दृष्टीने खरी आगगाडी ही धिमी, छपरावरही माणसं वाहणारी होती. कुनो-चंबळकाठच्या माणसाला ग्वाल्हेरच्या बाजारात आणून सोडणारी तीच.

जनावरं घ्यायला आलेला माणूस एकटा येत नाही. त्याची बायको येते, पोरं येतात. गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेपासून बांगड्यांपर्यंत सगळं त्याला लागतं. म्हणून पशुमेळ्याच्या कडेने दुकानं लागली, हळूहळू कड मोठी झाली आणि मधला गुरांचा बाजार बाजूला सरकला. खुर्जाची चिनी मातीची भांडी, सहारनपूरचं लाकूडकाम, भदोहीचे गालिचे, काश्मिरी शाली हा माल दाराशी यायला लागला. हा माल एरवी आपल्याकडे दोन-तीन हातांतून यायचा. मेळ्यात कारागीर किंवा त्याचा भाऊबंद स्वतः गाठोडं सोडून बसायचा. मधले हात गेले की भाव उतरतो. त्याला कोणी सूट म्हणत नव्हतं, पण घरच्या वहीत ती सूटच होती.

ज्याला आज आपण मेळ्याची सूट म्हणतो ती 1984 नंतरची. त्या वर्षी दर्जा मिळाला. वर्षअखेरच्या निवडणुकीत महाराजांचे नातू माधवराव (1945–2001) ग्वाल्हेरमधून लोकसभेवर गेले आणि मेळ्याला दिल्लीतला वाली मिळाला. मेळ्यात विकल्या जाणाऱ्या मालावर विक्रीकरात सवलत हे त्या काळचं मोठं आकर्षण. विक्रीकर तेव्हा राज्यांच्या हातात होता. मध्य प्रदेशाचा कायदा 1958 चा, म्हणजे राज्य सवलत देऊ शकत होतं, कोणाला विचारायची गरज नव्हती.

आता आकडे घालून बघू. समजा, टीव्हीवर कर 12 टक्के आहे आणि मेळ्यात तो निम्मा होतो. 100 रुपयांची वस्तू बाजारात 112 ला, मेळ्यात 106 ला. ग्राहकाचे 112 पैकी 6 वाचले, म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. यात थक्क होण्यासारखं काही नाही. पण रंगीत टीव्ही किंवा फ्रिज म्हणजे कारकुनाचे कित्येक महिन्यांचे पगार, त्याचे सव्वापाच टक्के म्हणजे घरातल्या दोन माणसांचे हिवाळ्याचे कपडे. शिवाय धोलपूर 65 किलोमीटर, झाशी 100, आग्रा 120. आपण राज्याच्या कडेला बसलोय. आग्र्याचा माणूस सकाळी येऊन टीव्ही घेऊन रात्री घरी जाऊ शकत होता, आणि जात होता. त्याने भरलेला निम्मा कर मध्य प्रदेशाच्या तिजोरीत पडला. एरवी तो पूर्णच्या पूर्ण उत्तर प्रदेशात पडला असता.

म्हणजे हा कौलाचाच हिशेब झाला. जो कर येणारच नव्हता त्यातला निम्मा सोडून निम्मा मिळवला. माझ्या मते मेळ्याच्या इतिहासातली सर्वांत शहाणी सवलत हीच होती. कोणाच्या डोक्यातून निघाली याचं श्रेय ज्याने त्याने आपापल्या पक्षाला द्यावं.

मोटारीचं वर्ष

ही विक्रीकराची सवलत पुढे आटली. विक्रीकराचा वाणिज्यिक कर झाला, 2006 मध्ये व्हॅट आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी. जीएसटीचे दर एका राज्याने एका मैदानापुरते अर्धे करणं शक्यच नाही. राज्याच्या हातात जे थोडे कर उरले त्यांत एक मोटारवाहन कर. म्हणून आताची मेळ्याची सूट म्हणजे गाडीच्या आजीवन करात 50 टक्के. अलीकडच्या वर्षांत ती कधी मिळाली, कधी नाही. मिळाली तेव्हा अटींसह मिळाली. गाडी मेळ्याच्या मुदतीत विकलेली हवी, तिची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयात हवी, बाहेरच्या विक्रेत्याने इथलं व्यवसाय प्रमाणपत्र घेतलेलं हवं आणि मैदानात त्याचं दुकान प्रत्यक्ष असलं पाहिजे. त्यामुळे इंदूर-भोपाळच्या रस्त्यांवर एमपी 07 च्या नव्या गाड्या दिसतात. मालकाने ग्वाल्हेरचा किल्ला पाहिलेलाही नसतो.

हाच हिशेब इथे लावला तर तो जमत नाही. आग्र्याचा माणूस टीव्ही घरी नेऊ शकत होता, पण गाडीची नोंदणी त्याला आपल्या राज्यात करावी लागते. म्हणजे या सवलतीला येणारा गिऱ्हाईक मुख्यतः मध्य प्रदेशातलाच. तो भोपाळला गाडी घेणार होता, ग्वाल्हेरला घेतो. दिवाळीला घेणार होता, जानेवारीत घेतो. पूर्ण कर मिळणारच होता, त्यातला निम्मा सोडला. ओसाड माळाची जकात माफ करणं वेगळं आणि भरल्या पेठेची माफ करणं वेगळं. ग्वाल्हेरच्या विक्रेत्यांना, मैदानाच्या भाड्याला, शेजारच्या चहावाल्याला याचा फायदा होतो हे खरं आहे, आणि गावचा माणूस म्हणून मला तो बरा वाटतो. पण जमाखर्चाच्या पानावर तो मध्य प्रदेशाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे. 2024 मध्ये उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यालाही हीच सवलत मिळाली. शिंद्यांची जुनी राजधानी आणि नवी राजधानी आता एकाच गिऱ्हाइकासाठी चढाओढ करतात, हे वाचून दौलतराव हसले असते.

दुसरी गोष्ट. समजा, कर सरसकट किमतीच्या 8 टक्के आहे. 90 हजारांची स्कूटर घेणाऱ्याचे 3,600 वाचले. 8 लाखांची गाडी घेणाऱ्याचे 32 हजार. 60 लाखांची घेणाऱ्याचे 2 लाख 40 हजार. प्रत्यक्षात महाग गाडीला कराचा दरही चढा असतो, त्यामुळे अंतर आणखी वाढतं. टक्का सगळ्यांना सारखा, पण जो जास्त खर्च करू शकतो त्यालाच जास्त मिळतं, हा टक्केवारीतल्या सवलतीचा स्वभावच आहे. जुन्या विक्रीकराच्या सवलतीतही तो होता, पण तिथे टीव्हीबरोबर पंखा, इस्त्री, मिक्सरही बसायचे. आता कपबशीवाल्याला सरकारकडून काही नाही.

गंमत म्हणजे ‘मेळ्यात घेऊ’ हे वाक्य मात्र परत आलं. सवलतीची अधिसूचना कधी मेळा सुरू झाल्यावर निघते. तोवर लोक शोरूममध्ये येतात, दार उघडून सीटवर बसतात, स्टिअरिंग फिरवून बघतात आणि म्हणतात, ‘मेले में देखेंगे।’ पूर्वी वाट बघण्याने घरचा पैसा वाचायचा आणि दुकानदार दोन महिने कमी घडवून आणायचा. आता विक्रेता गोडाऊनमध्ये गाड्या घेऊन व्याज भरत बसतो.

वाणाचा हिशेब

इथवर सरकारच्या सुटीबद्दल बोललो. पण ज्या घरांना टीव्ही पुढच्या वर्षी आणि गाडी कधीच नव्हती, त्यांचं मेळ्यात काय वाचत होतं? याचं उत्तर मला कुठल्याही गॅझेटात मिळालं नसतं. ते संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिळालं.

मेळा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. संक्रांत 14 जानेवारीला, आणि हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत. ग्वाल्हेरच्या मराठी बाईच्या दृष्टीने याहून सोयीचं वेळापत्रक कोणी आखलं नसतं. तीस-चाळीस बायकांना वाण लुटायचं म्हणजे तीस-चाळीस एकसारख्या वस्तू हव्यात. गाळण्या, वाट्या, चमचे, कुंकवाचे करंडे, किसण्या, डब्या. आणि त्या स्वस्त हव्यात, पण दिसायला स्वस्त नकोत. हा फार अवघड विनिर्देश आहे, कोणत्याही खरेदी-अधिकाऱ्याला विचारा.

आमच्या गल्लीतल्या बायका तो कसा सोडवायच्या हे लहानपणी पिशव्या धरायला नेल्यामुळे मला जवळून दिसलं. चार घरं मिळून जात. दुकानी पोहोचायच्या आधी कोण काय बोलणार ते ठरलेलं असे. एकीने एक नगाचा भाव विचारायचा, दुसरीने डझनाचा. थोड्या वेळाने तिसरी, जणू या दोघींना ओळखतच नाही अशी, ग्रोसचा भाव विचारे. ‘भैया, बारा दर्जन का क्या लगाओगे?’ तिथे दुकानदाराचा चेहरा बदलायचा. समजा, वाटी सुटी 10 रुपयांना आहे आणि पूर्ण ग्रोस, म्हणजे 144 वाट्या, 1,080 ला सुटला. नगाला साडेसात. चार घरांनी 36-36 वाटून घेतल्या, प्रत्येकीचे 90 रुपये वाचले. पंचवीस टक्के! आधी मांडलेल्या विक्रीकराच्या सवलतीच्या जवळजवळ पाचपट, आणि त्यासाठी ना अधिसूचना लागली ना मंत्री.

एक अडचण मात्र उभी राही. चौघींचं वाण सारखंच झालं. आणि चौघींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका तर त्याच! एकाच बाईला चार घरी चार सारख्या वाट्या मिळाल्या की दुसऱ्या दिवशी गल्लीभर बोलणं. म्हणून चार जणींनी चार वस्तूंचे ग्रोस घेऊन आळीपाळीने चार वर्षं पुरवायचे, किंवा गल्ल्यांची अदलाबदल करायची. जनकगंजची मावशी आणि माधोगंजची आत्या यांच्याशी व्यवहार ठरायचा. मी पुढे नोकरीत साठा-नियंत्रणाचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा शिकवणारे गृहस्थ ज्याला मोठं नाव देत होते ते हेच होतं. घाऊक घेतलं की भाव उतरतो, पण ठेवायला जागा लागते, पैसा अडकतो आणि वस्तू जुनी होते. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या ‘पुढच्या वर्षीच्या’ गाळण्या गंजल्या की त्या वर्षीची बचत गेली.

घासाघिशीलाही वेळापत्रक होतं. पहिल्या आठवड्यात जायचं ते फक्त बघायला. मधल्या काळात शाल-स्वेटर घ्यायचे, कारण थंडी वाट बघत नाही. चिनी मातीच्या भांड्यांना मात्र शेवटच्या चार दिवसांत. खुर्जाच्या माणसाला बरण्या परत न्यायच्या म्हणजे पेंढ्यात बांधणं, ट्रकचं भाडं आणि वाटेत फुटण्याची धास्ती. त्यापेक्षा इथे कमी भावात दिलेल्या बऱ्या. शेवटच्या दिवसांचा भाव ही दुकानदाराची उदारता नव्हती, परतीच्या भाड्यातला गिऱ्हाइकाने मागून घेतलेला वाटा होता. ज्या बायकांना कोणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या मेळा उठायच्या आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना, सवडीने जात. संध्याकाळी गर्दीत दुकानदार अडत नाही.

त्याच हिशेबात चिरेची बरणी येते. जराशी चीर असलेली किंवा झाकण जुळत नसलेली बरणी निम्म्याहून कमी भावात मिळे. लोणच्याला ती चालत नाही, मिठाला, चिंचेला, रवा भरायला चालते. वाजवून घ्यायची, खणखण आवाज आला तर चीर वरवरची, बद्द आला तर ठेवून द्यायची. कारखान्यात आम्ही चाक आणि कास्टिंग हातोडीने वाजवून बघत असू, तीच परीक्षा.

कुपन

नंतरच्या काळात मेळ्यात कुपनं आली. पाचशेची खरेदी करा, एक कुपन घ्या, शेवटच्या दिवशी सोडत, पहिलं बक्षीस मोटारसायकल. घरोघरी देवाच्या फोटोमागे ही कुपनं खोचून ठेवलेली असत. समजा, 10 हजार कुपनं वाटली आणि मोटारसायकल 40 हजारांची आहे. एका कुपनाची सरासरी किंमत 4 रुपये. म्हणजे पाचशेच्या खरेदीवर दुकानदाराने चार रुपये सोडले, शंभराला ऐंशी पैसे. हेच चार रुपये त्याने रोख कमी केले असते तर कोणी मान वर करून बघितलं नसतं. आणि साडेचारशेचीच खरेदी झाली असेल तर कुपनासाठी आणखी पन्नासाचं काहीतरी घ्यायचं, हा मोह वेगळा. चार रुपयांच्या आशेने पन्नास गेले.

जुन्या बायका कुपन घ्यायच्या, पण भाव ठरल्यावर. आधी कुपनाचं नावही काढायचं नाही. भाव तुटला, पैसे मोजले, पिशवीत सामान आलं, मग शांतपणे, ‘आणि कुपन?’ हा क्रम उलटा झाला तर दुकानदार कुपनाची किंमत भावात घालून घेतो हे त्यांना माहीत होतं. आजच्या मोबाइलवरच्या कुपनांचा क्रम नेमका उलटा आहे. कुपन आधी दिसतं, भाव नंतर.

मेळ्याचा लिहिलेला इतिहास उद्घाटनं, अधिसूचना आणि उलाढालीचे कोटी यांतून तयार झालाय, कारण तेवढेच कागद सरकारी कपाटात आहेत. त्यात ग्रोस नाही, चिरेची बरणी नाही, शेवटच्या दिवसाचा भाव नाही. हे सगळं घरच्या वह्यांत आहे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, उभ्या घडीच्या वह्या. दूध, धोबी, किराणा, ‘देवाचे’ आणि जानेवारीत ‘मेळा’ असं वेगळं सदर. आणे-पैसे गेले आणि 1957 मध्ये दशमान नाणी आली, तरी त्यानंतरची कितीतरी वर्षं काही वह्यांत दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडलेले सापडतात.

घर रिकामं करताना, फ्लॅटमध्ये जाताना अशा वह्या आधी रद्दीत जातात. फोटो आणि पत्रं लोक ठेवतात, हिशेब टाकतात. दौलतगंज, जनकगंज, शिंदे की छावणी, छत्री बाजार या भागांतल्या वाचकांना विनंती आहे. माळ्यावर अशी वही मिळाली तर पौष-माघाची पानं आधी उघडा. ‘मेळा’ सदरातलं पूर्ण पान मोबाइलवर टिपा. वर्ष लिहिलं नसेल तर आजूबाजूच्या नोंदींत एखादं लग्न, बारसं, ग्रहण सापडतं, त्यावरून ते काढता येतं. नावं झाकून पाठवलीत तरी चालेल. नग किती, भाव काय, आणि शेजारी कोणाकोणाचा वाटा लिहिलाय, तेवढं वाचता आलं पाहिजे.